सदतीस बिया

"अहो मुंजीसाहेब, खिशात झाड उगवेल आता!" कॉफी ठेवत बशीर म्हणाला. "किती झाले?"

"एकतीस."

"त्यात पोस्टमन धरलात का? तो टपाल टाकायला आत गेला होता."

"मग तीस." प्राध्यापक मुंजींनी उजव्या खिशातली एक बी काढून डाव्या खिशात टाकली.

निवडणुका हाच त्यांचा विषय. तीस वर्षं तोच शिकवला. दर मतदानाला ते बशीरच्या कॅफेत, समोरच्या शाळेतल्या मतदान केंद्राकडे तोंड करून बसत. डाव्या खिशात ऑलिव्हच्या वाळक्या बिया. माणूस मत द्यायला आत शिरला की एक बी उजव्या खिशात. मोजणाऱ्यानं स्वतःला मोजायचं नाही, हा त्यांचा नियम.

देशाचा हुकूमशहा पळाला आणि पहिली खरी निवडणूक झाली, त्या वर्षी बिया दुपारीच संपल्या. पुढं मोजायला बशीरनं परातभर चणे आणून दिले होते. तेव्हा त्यांनी आपल्या पुस्तकात लिहिलं, 'ज्यानं एकदा शाईत बोट बुडवलं, तो रांग सोडत नाही.' आता नवी आवृत्ती निघायची होती. ते वाक्य राहणार की जाणार, हे आजच्या बियांवर होतं.

"तू गेलास का रे, बशीर?"

"निकाल आधीच ठाऊक आहे, मग जाऊन काय करू? आणि दुकान कोण बघणार?"

"गिऱ्हाईक कुठं आहे?"

"ते तुमच्या मतदारांबरोबर गेलंय!" बशीर हसला. त्या वर्षी निळं बोट भिजू नये म्हणून हाच बशीर पंधरा दिवस एका हातानं कप विसळत होता.

मतदान बंद व्हायला दहा मिनिटं उरली तेव्हा उजव्या खिशात सदतीस बिया होत्या. मुंजी उठले, शाळेत गेले. शाईपाशी त्यांची जुनी विद्यार्थिनी दलेंदा बसली होती. शाई वाळते म्हणून तिनं बाटलीला झाकण लावून ठेवलं होतं.

"सर, तुमचं ते वाक्य मला अजून पाठ आहे," झाकण फिरवत ती म्हणाली.

"मलाही आहे, मुली."

बाहेर पडताना त्यांनी एक बी उजव्या खिशात टाकली. अडतीस. चार पावलं चालले, थांबले, आणि ती परत काढली.

कॅफेत येऊन त्यांनी वहीत सदतीस लिहिलं. मग पुस्तक उघडलं, डाव्या हातानं पान दाबून धरलं आणि त्या वाक्यावर रेघ ओढली. बोट उचललं तेव्हा रेघेशेजारी निळा ठसा उमटला होता.

बशीर टेबल पुसायला आला. ठसा पाहून तो फडकं हातात धरून तसाच उभा राहिला.