घर बघून आणलेल्या प्लेटा

खरं सांगतो मित्रांनो, हे मी सांगणारच नव्हतो. एक तर गिअरबॉक्सचं कोण ऐकतं? आणि माझा स्वभाव असा, की समोरच्याची खात्री पटल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. तुमची अजून पटलेली नाही. तरी सांगतो.

मी एक जुना गिअरबॉक्स आहे. आपोआप गिअर बदलणारा. एका लांबलचक अमेरिकन गाडीच्या पोटाखाली माझी जागा. माझ्या गाडीला क्लचचं पेडलच नाही. ड्रायव्हरचा डावा पाय नुसता बसून राहतो. माझ्या आत प्लेटा रचलेल्या असतात, एक लोखंडी, एक अस्तराची, पुन्हा एक लोखंडी. त्या एकमेकींना घट्ट धरतात तेव्हा गाडी चढ चढते. त्यांच्यामधून पातळ लाल तेल फिरत असतं.

बोटीतून मी मुंबईला आलो, एका गिरणीवाल्या शेठकडे. पाहुणे म्हणायचे, या गाडीला स्वतःचं डोकं आहे. मग शेठने नवी गाडी घेतली आणि मी मागच्या शेडमध्ये गेलो. टायर बसले. गादीत उंदरांनी पिल्लं घातली. कौतुक करणारे पाहुणे तिकडून जाताना नाकाला रुमाल लावायचे. तेव्हापासून गोड बोलणाऱ्याचा मला भरवसा वाटत नाही.

एकसष्ट साली ही पडकी गाडी विकत घ्यायला गोमा आला. शहापूर तालुक्यातल्या शेणव्याचा. आधी तो लाकडाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. सिद्धगडच्या रानात ट्रक भरताना एक ओंडका घसरला आणि त्याच्या डाव्या पायावरून गेला. पाय राहिला, जोर गेला. क्लच दाबणं संपलं. दुसरी कुठलीच गाडी आता त्याला चालवता येणार नव्हती, आणि मला दुसरं कुणी विचारत नव्हतं. आमचं जमलं ते असं.

शेणवा, शहापूर, मुरबाड. नवऱ्या नेल्या, आजारी माणसं नेली, भाजीच्या टोपल्या नेल्या. माझ्यातून कधीकधी लाल तेल ठिबकायचं. पोरं ओरडायची, गाडीला रगत आलं. गोमाची बायको बाईजा त्या डागांवर राख टाकायची आणि माझ्याकडे रोखून बघायची.

"आपल्या मनानं चालनारी गाडी," ती म्हणायची. "उद्या आपल्या मनानं निघून जाईल."

तिला माझा संशय, मला तिचा. पण लिंबू-मिरची बांधायला ती कधी विसरली नाही.

मग चूक झाली. तेल कमी झालं म्हणून गोमाने मुरबाडच्या एका दुकानातून तेल आणलं. जाड, काळं, ट्रकच्या गिअरचं. मला ते पचलं नाही. प्लेटा घसरायला लागल्या, घासायला लागल्या, तापल्या. किन्हवलीच्या पुढच्या चढावर इंजिन नुसतं ओरडत राहिलं आणि गाडी मागे यायला लागली. शेवटी दोन बैल जुंपून आम्हाला शहापूरला आणलं. बैलांच्या गळ्यात घुंगरं होती. गावोगाव लोक बाहेर येऊन बघत होते.

आग्रा रोडवर चिंचेखाली धर्माचं गॅरेज. धर्मा गोमाचा लहानपणचा सोबती. त्याने मला खाली उतरवलं, उघडलं आणि नाक मागे घेतलं.

"करपलाय रे. टोपाच्या बुडाला वरन लागतं तसा वास हाय. कंचं तेल घातलंस?"

"गिअरचं. गिअरबॉक्स हाय, मंग गिअरचंच घालनार ना?"

"दुधाच्या पोराला भाकर चारलीस तू." धर्माने हात पुसले. "याचा नाद सोड. मुरबाडला ट्रकचा गिअरबॉक्स पडलाय. तो बसवू."

गोमाने डाव्या मांडीवर थाप मारली. "आनि क्लच कोन दाबल? बाईजा?"

डबा घेऊन आलेली बाईजा म्हणाली, "दाबीन की. तू मागं बसून टोपल्या सांभाळ."

हसली ती एकटीच.  मी दुरुस्त झालो नाही तर गोमा कायमचा ओट्यावर बसणार, हे तिघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी कल्याणहून सावळाराम आला, पार्ट विकणारा. छापील खोका, मेणकागद, आत चकचकीत प्लेटा.

"वरिजनल माल. डोळे झाकून बसव."

ही चकाकी मी शेठच्या पाहुण्यांच्या दातांवर बघितली होती. पण मला विचारतो कोण? बाईजाने विचारलं.

"घर बघितलंत का?"

"कुनाचं घर, वैनी?"

"या प्लेटांचं. आमी पोरगी देतो तवा न सांगता त्यांच्या घरी जातो. धान्याची कनगी बघतो, गोठा बघतो, त्यांच्या रांजनातलं पानी पितो. समोर नटून बसलेलं सगळंच बरं दिसतं."

"यांचं घर अमेरिका," सावळाराम हसला. "जावा बघून."

धर्मा हसला नाही. त्याने चहाच्या स्टोव्हवर पातेलं ठेवलं, त्यात लाल तेल ओतलं आणि खोक्यातली एक प्लेट सोडली. तेल तापलं तसं अस्तर सुटून वर आलं, भाकरीचा पापुद्रा सुटतो तसं.

"गरम कशाला करतोस?" सावळाराम म्हणाला.

"चढावर गाडी गार राहते काय?"

सावळारामने खोका बांधला आणि चहा न घेताच गेला.

त्याच संध्याकाळी धर्माने माझ्यातली लोखंडाची एक चांगली प्लेट काढली, फडक्यात गुंडाळली आणि कुणाला काही न सांगता निघून गेला. दिवसामागून दिवस गेले. मी चिंचेखाली उघडा पडलेला, अंगावर चिंचेची पानं. माझी प्लेट घेऊन हा गेला कुठे? विकली असेल. आत आणखी काय राहिलंय ते मी पुन्हा पुन्हा चाचपून बघत होतो.

गोमा रोज काठी टेकत यायचा, बघायचा, जायचा. धर्माचा मेव्हणा यमाजी त्याच रस्त्यावर जीप चालवायचा. आमची गिऱ्हाइकं आता त्याच्या जीपमध्ये बसत होती. हे गोमालाही दिसत होतं.

धर्मा परत आला तेव्हा गोमा चिंचेखालीच बसला होता.

"या. मेव्हन्याची जीप भरून चालली का नाय, ते बघून आलास?"

धर्मा जागीच थांबला.

"उशीर कुनाच्या फायद्याचा, मला कळतंय रे. पाय गेलाय, डोकं नाय गेलं."

मग चिंचेखाली आला. खांद्यावरचं पोतं उतरवलं. आधी फडक्यातली माझी प्लेट काढून माझ्याशेजारी ठेवली. ती त्याने माप जुळवायला नेली होती. मग पोत्यातून प्लेटांची चळत काढली. जुन्या, मळकट, ना खोका ना कागद. आणि एक बाटली.

"कल्याण पालथं घातलं, इगतपुरी झाली. आनि गाडी घावली कुठं, तर इथं वाशिंदला. घाटात पुढून आपटलेली, एका वाडीत पडलीय. गिअरबॉक्स आपल्यासारखाच. मीच उघडला." त्याने बाटली गोमाच्या हातात दिली. "त्या घरचं पानी. बघ."

बाटलीत तेल होतं. गोमाने पांढऱ्या चिंधीवर थोडं ओतलं. लाल, स्वच्छ. नाकाशी नेलं. जळका वास नाही. पुन्हा एकदा हुंगलं. मग चिंधी घडी करून खिशात ठेवली आणि मान खाली घातली.

"जेवलास का?" त्याने विचारलं.

"नाय."

"चल. बाईजानं भाकऱ्या केल्यात."

तरी मी त्या प्लेटांशी बोललो नाही. पोटात घेतल्या, पण बोललो नाही. धर्माने तेल अडवणाऱ्या रबराच्या रिंगाही तेलात तापवून बघूनच बसवल्या. मग आम्ही किन्हवलीच्या चढावर गेलो. गोमाने धर्माला पुढे बसवलं.

"घसरली तर पयला तूच उतरून ढकल."

"ढकलीन. पन तू खाली बघू नको, पुढं बघ."

चढ सुरू झाला. त्या मळकट प्लेटांनी एकमेकींना धरलं आणि सोडलं नाही.  वर पोचल्यावर धर्मा म्हणाला, "आता यमाजी तुज्या मागनं धूळ खाईल." 

मित्रांनो, माझ्यासारखा गिअरबॉक्स किंवा कुठलंही यंत्र तुमच्या हाती आलं तर खोक्याकडे बघून पार्ट घेऊ नका. तो कुठल्या घरातून आला ते बघा. संशय जरूर घ्या, पण मग उठा आणि जाऊन बघून या. बसल्या जागी नुसता संशय घेत राहिलं की आतून करपायला होतं. जाड तेलानेही तेच होतं.

आता मी पुन्हा जुना झालोय. पण गोमा, सोबत्या, तुला एक शब्द देतो. न सांगता मी तुला चढावर सोडणार नाही. माझी वेळ जवळ आली की आधी सपाट रस्त्यावर गुरगुरेन, तुला ऐकू येईपर्यंत गुरगुरेन. तू फक्त गाडी थांबव आणि धर्माला हाक मार.