हातात सहाशे

डिलिसला हातात आठवड्याला सहाशे पौंड द्यायचे, हे ठरलं ते आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मी दातांची डॉक्टर, दुसऱ्याच्या दवाखान्यात पगारावर. माझी मुलगी मेबल दहा महिन्यांची होती आणि मला कामावर परतायचं होतं. लंडनमधल्या स्ट्रेटमच्या या भागात सगळे असंच ठरवतात: नॅनीला हातात किती ते बोलायचं, टॅक्सबिक्स आपण बघून घ्यायचं. वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. मी कागदावर लिहूनही दिलं, "हातात सहाशे, टॅक्स कितीही बसो, तो आम्ही भरू." खाली झोकदार सही केली. तेव्हा मला आपण फार दिलदार आहोत असं वाटलं होतं.

हातात सहाशे पडायचे तर कापायच्या आधीचा पगार काढावा लागतो, उलट्या बाजूने. तो सातशे एकोणचाळीस निघाला. त्यावर मालक म्हणून माझा सरकारी भरणा शहाण्णव. एकूण आठशे पस्तीस. माझी स्वतःची आठवड्याची कमाई, टॅक्स जाऊन, आठशे चोपन्न. म्हणजे पाच दिवस लोकांच्या तोंडात डोकं घालून मला एकोणीस पौंड उरायचे. माझ्या नवऱ्याचा, डंकनचा, पगार घराच्या हप्त्यात जातो. पण दोन वर्षं घरी बसले असते तर दवाखान्यातली जागा गेली असती, आणि ती परत मिळत नाही. म्हणून एकोणीस तर एकोणीस.

याला आता दोन वर्षं झाली. मागच्या बुधवारी माझी सुट्टी होती. दुपारी पगाराचा हिशेब करून देणाऱ्या कंपनीची मेल आली: या आठवड्यापासून एकूण नऊशे तेरा. मी लगेच फोन लावला.

"टॅक्स ऑफिसने तिचा टॅक्स कोड बदललाय," तिथली बाई म्हणाली. "तिची बिनटॅक्सची सवलत तुमच्याकडच्या पगारावरून काढलीय. आता पहिल्या पौंडापासून टॅक्स."

"का पण?"

"ते आम्हाला सांगत नाहीत. तिलाच विचारा."

"मग तिचा टॅक्स वाढला तर तिच्या पगारातून कापा ना."

"तुम्ही हातातला पगार ठरवलात ना? मग तिचा टॅक्स म्हणजे तुमचाच टॅक्स. पुढच्या वेळी ग्रॉस, म्हणजे कापायच्या आधीचा आकडा ठरवा, बाई. मी सगळ्यांना हेच सांगते, ऐकतं कोण."

फोन ठेवून मी हिशेब केला. एकोणीस उरायचे तिथे आता आठवड्याला एकोणसाठ खिशातून जाणार होते. कामावर जायचे मीच पैसे भरायचे. नोकरी सोडावी तर जागा जाणार. डिलिसला सोडावं तर मेबल दुसऱ्या कुणाकडे राहत नाही. माझ्या सासूबाई तासाभरात तिला परत घेऊन आल्या होत्या. आणि माझी ती सही. मी स्वतःला असं कोंडून घेतलं होतं की रागवायलाही दुसरं कुणी सापडेना. मग मी डिलिसवर रागवायचं ठरवलं.

साडेचारला ती मेबलला बागेतून घेऊन आली. डिलिस प्रोथेरो, सेहेचाळीस वर्षांची, वेल्सची. मेबलचे बूट काढून तिने फिश फिंगर ओव्हनमध्ये सरकवले.

"डिलिस, तू दुसरीकडे कुठे काम धरलंयस का?"

"हो. शनिवारी बेकरीत गल्ल्यावर असते. महिना झाला. का गं?"

"तिथे एक फॉर्म भरलास?"

"भरला. तीन चौकोन होते. या वर्षातली पहिली नोकरी, आताची एकमेव नोकरी, किंवा आणखी एक नोकरी आहे. मी मधल्यावर खूण केली."

"एकमेव नोकरी? आणि आम्ही?" म्हणजे टॅक्स ऑफिसने तिची सवलत बेकरीकडे वळवली होती.

तिने ओव्हनचं दार लावलं आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "तूच म्हणतेस ना, डिलिस म्हणजे नोकर नव्हे, घरचीच. मला कधी पगाराची चिठ्ठी मिळाली नाही, टॅक्स कधी दिसला नाही. बेकरीतली पोरगी म्हणाली, चिठ्ठी मिळते ती नोकरी. मग मी काय लिहिणार?"

चिठ्ठ्या येत होत्या. दर महिन्याला, माझ्या मेलवर. मी त्या छापून काट्याचमच्यांच्या खालच्या खणात टाकत होते, आणि तिला कशाला डोक्याला ताप, असं मनाशी म्हणत होते. खरं म्हणजे वरचा आकडा तिला दिसावा असं मला वाटत नव्हतं. दिसला की माणूस मागतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, डंकनलाही नाही.

मी खण उघडला आणि तेवीस कागद टेबलावर ठेवले. तिने चष्मा लावला.

"हा महिन्याचा आकडा. आठवड्याला किती पडतात?"

"सातशे एकोणचाळीस."

"हा माझा पगार?"

"कापायच्या आधीचा."

"मी घराच्या एजंटला सहाशे सांगितले," ती हळूच म्हणाली. "एप्रिलमध्ये. नॉरवुडचा फ्लॅट, भाडं अकराशे पन्नास. त्याला भाड्याच्या तीसपट वर्षाचा पगार लागतो, कापायच्या आधीचा. सहाशेत ते बसेना. त्याने चिठ्ठ्या मागितल्या. मी तुला विचारलं होतं, हेस्टर."

"मला?"

"तू दात घासत होतीस. बघते म्हणालीस."

मला आठवलं. बघते म्हणाले होते आणि बघितलं नव्हतं. सातशे एकोणचाळीस सांगितले असते तर तो फ्लॅट तिला सहज मिळाला असता. तो गेला, म्हणून जास्त कमाई दाखवायला तिने बेकरी धरली. बेकरीचा फॉर्म आला, आणि फिरून सगळं माझ्याच डोक्यावर बसलं. ती अजून दुसऱ्याच्या घरातल्या एका खोलीत राहत होती, शेगडीसुद्धा वाटून घेऊन. मला स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि त्याच क्षणी मनात एकोणसाठ पौंडही घोळत होते, हेही खरं.

"दुरुस्त करता येईल," मी म्हणाले. "पण टॅक्स ऑफिसला फोन तुलाच करावा लागेल."

तिने स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला. अर्धा तास तेच ते संगीत वाजत राहिलं. मेबलने फिश फिंगर खाल्ले, मटार खाली टाकले. शेवटी एक माणूस फोनवर आला. त्याने नाव, जन्मतारीख, नंबर विचारला आणि मग म्हणाला, "तुमच्या नोकऱ्या किती?"

डिलिसने माझ्याकडे पाहिलं. तिने एकच म्हटलं असतं तरी मी काही करू शकले नसते.

"दोन," ती म्हणाली. "मोठी ती मूल सांभाळायची. सवलत तिकडे लावा."

"मग बेकरीच्या एकशे दहामधून बावीस कापले जातील, चालेल?"

"चालेल."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. तो तिला ऐकू गेला असणार.

तिने तेवीस कागद घडी घालून पिशवीत ठेवले, मटार उचलले, हात धुतले. मग म्हणाली, "उद्या गुरुवार. उद्यापासून मी सहाला निघेन. ठरलंय ते आठ ते सहा."

गुरुवारी माझे पेशंट आठपर्यंत असतात. डंकन नऊला येतो. दोन वर्षं दर गुरुवारी डिलिस साडेआठपर्यंत थांबत आली होती, आणि त्याचा एक पेनीही मी कधी दिला नव्हता. घरची माणसं तास मोजत नाहीत, असंही मीच म्हणायचे.

"डिलिस, जादा वेळेचे मी देईन ना," मी म्हणाले. कुठून देणार, ते मला माहीत नव्हतं. ते एकोणीस पौंड, आणखी काय.

"आधी आकडा काढ," ती म्हणाली. "कापायच्या आधीचा. मग सांग, मी विचार करेन."

तिने कोट चढवला. मेबल धावत गेली आणि तिने कोटाचं टोक धरलं.

"डिली, कुठे चाललीस?"

"घरी."

मेबल गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. डिलीचं घर हेच, असं मीच तिला सांगून ठेवलं होतं.