आत वळवलेला उजवा आरसा

मी मोटरसायकलचा आरसा बोलतोय. उजवा. डावा कोण ते पुढे येईलच, पण आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. घरातल्या आरशासमोर माणसं हौसेने उभी राहतात, मान तिरकी करतात, केस सारखे करतात. माझ्याकडे कुणी क्षणभरापेक्षा जास्त बघत नाही, आणि बघूही नये. मागून काय येतंय तेवढं दाखवायचं आणि गप्प राहायचं, एवढंच माझं काम. ते मी चार वर्षं केलं नाही. त्याबद्दलच सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. काच कापली, पाठीला चंदेरी लेप दिला, काळ्या वाटीत घट्ट बसवलं आणि एका खोक्यात घातलं. त्याच खोक्यात माझ्या शेजारी डावा होता. आम्ही जुळे म्हणा. पण डावा पहिल्यापासून फार शहाणा. शोरूममध्ये लोक आमच्यात बघून दातात अडकलेलं काढायचे, मिशा पिळायचे, तेव्हा मला गंमत वाटायची आणि हा आपला मख्खपणे काचेबाहेरच्या रस्त्याकडे बघत बसायचा. मी म्हणायचो, अरे, जरा हस की. तो म्हणायचा, आपण हसायला नाही जन्मलो.

आम्हाला ज्याने नेलं तो लिफ्ट दुरुस्त करणारा. शहरभर उंच उंच इमारतींतून त्याला बोलावणी यायची. मोटरसायकलला पान्यांची पिशवी, खिशात टॉर्च, नखांत कायमचं ग्रीस. माणूस कमालीचा सावध. लिफ्टच्या पोकळीत उतरण्याआधी वीज बंद केली की नाही हे तीनदा बघणार, आणि तरीही खाली एकाला उभं करून चौथ्यांदा विचारणार. त्याच्याबरोबरचे त्याला चिडवायचे, पण त्याला त्याचं काही नव्हतं. अशा माणसाच्या गाडीवर आपण आहोत, म्हणून डावा अगदी खूश होता.

पहिली दोन वर्षं मीही सरळ होतो. मग त्याचं लग्न झालं.

घर दोन खोल्यांचं आणि माणसं सात. त्याची आई, थोरला भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि हे दोघं. मी खाली पार्किंगमध्ये असायचो, पण वर काय चालतं ते जिन्यात ऐकू यायचं. नव्या नवरा-बायकोला तिथे कसलं बोलता येणार? ती घरात त्याला ‘अहो’ म्हणायची, आणि त्या एका शब्दावर सगळा कारभार चालायचा. अहो, पाणी गेलं. अहो, आई हाक मारताहेत. बाकी सगळं गिळून टाकायचं.

ती मोज्यांच्या कारखान्यात जायची. जोड्या लावायचं काम. पट्ट्यावरून शेकडो मोजे येतात, त्यातून लांबी आणि रंग जुळवून दोन-दोन काढायचे. तो तिला रोज सकाळी सोडायला जायचा. रस्ता पाऊण तासाचा. दिवसभरात दोघांना एकत्र मिळायचा तो हा पाऊण तास, आणि त्यातही बोलणं अशक्य. दोघांच्या डोक्यावर हेल्मेटं, चारी बाजूंनी हॉर्न, बसची इंजिनं. ती ओरडून काहीतरी सांगायची आणि तो ‘काय?’ म्हणून ओरडायचा. तीनदा ‘काय?’ झालं की ती नाद सोडून द्यायची.

एके दिवशी सिग्नलला थांबलेला असताना त्याने हात पुढे केला, मला धरलं आणि आत वळवलं.

काय सांगू तुम्हाला! दोन वर्षं मी नुसते बंपर बघितले होते. ट्रकचे, टॅक्सीचे, बसचे. आणि आता एकदम समोर तिचा चेहरा. हेल्मेट अर्धं होतं, त्यामुळे कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळी दिसत होती. गालावर तीळ, पुढचा एक दात जरासा पुढे. तिने माझ्यात बघितलं, त्याचे डोळे दिसले, आणि ती इतकी लाजली की माझी काच तापल्यासारखी झाली. सिग्नल सुटला, मागचे शिव्या देऊ लागले, तेव्हा कुठे गाडी हलली.

त्या दिवसापासून दोघांचा संसार माझ्यात सुरू झाला. तिने एक भाषाच तयार केली. गाल फुगवले की समजायचं, सासूबाई आज रुसल्या आहेत. एक भुवई वर गेली की कारखान्यातल्या सुपरवायझरबाईंची नक्कल. ओठ आवळले की काल रात्रीचा राग अजून गेलेला नाही, आणि नाक उडवलं की गेला. सगळ्यात लाडकं तोंड म्हणजे घाबरल्याचं. तो जरा जोरात निघाला की ती डोळे विस्फारायची, तोंडाचा मोठा आ करायची, जशी काही आता मेलेच. ते बघून तो गदगदून हसायचा. त्याचे खांदे हलायचे आणि ते बघून तीही हसायची. घरी ‘अहो’ म्हणणारी बाई रस्त्यावर त्याच्या पाठीत गुद्दा घालून ‘अरे, हळू!’ म्हणायची. ते ‘अरे’ मला फार आवडायचं. मी त्या दोघांच्या अगदी मध्ये होतो ना. माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं, असं मला वाटायचं.

डावा एकटा काय तो कुरकुरायचा. तुझ्या वाट्याचा रस्ता कोण बघणार, असं विचारायचा. मी म्हणायचो, तू आहेस की. तो म्हणायचा, मला डावीकडचंच दिसतं रे, उजवीकडून काही आलं तर मी काय करू? मी त्याला उडवून लावायचो. चार वर्षांत काही आलं नव्हतं. म्हणजे येत होतंच, रोज येत होतं, पण प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणीतरी ब्रेक दाबला होता. हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटायचं, आमचा माणूस गाडीच छान चालवतो.

तीनदा वीज तपासणारा तो माणूस इथे एकदाही मागे बघत नव्हता. पण त्याला एकट्याला तरी कसा दोष देऊ? मला कुणी विचारलं असतं की बाहेर वळायचं का, तर मीच नको म्हणालो असतो.

तो दिवस अगदी साधा होता. लख्ख सकाळ, नेहमीचा पूल उतरून गाडी नेहमीच्याच गर्दीत शिरली. पुढे एक टॅक्सी चालली होती. रस्त्याकडेला कुणीतरी हात केला आणि टॅक्सीवाला होता तिथेच थांबला. आमच्या माणसाला उजवीकडून काढायला हवं होतं. हँडल वळवण्याआधी त्याने माझ्यात बघितलं. सवयच ती. उजवा आरसा बघूनच वळायचं, हे त्याला कुणीतरी नीट शिकवलं होतं.

माझ्यात तिचा चेहरा होता. तिने काही क्षण आधी मान वळवून मागे बघितलं होतं. उजव्या खांद्यापाशी पाण्याचा टँकर आला होता. हॉर्न वाजतच होता, पण त्या गर्दीत कुणाचा हॉर्न कुणासाठी हे कोण ठरवणार? ती परत पुढे वळली. डोळे विस्फारलेले, तोंडाचा मोठा आ.

तो हसला. मी त्याचे खांदे हलताना बघितले. आणि हसत हसतच त्याने गाडी उजवीकडे घेतली.

टँकरचा पत्रा हँडलला घासला, माझा कोपरा तडकला आणि गाडी डावीकडे आडवी झाली. टँकरवाल्याने ब्रेक दाबला होता, नाहीतर आज मी काय सांगत होतो! तिच्या हेल्मेटवर हातभर ओरखडा उठला, म्हणजे डोकं वाचलं ते त्याच्यामुळे. पण तिचा डावा पाय गाडीखाली सापडला. आणि डावा, माझा जुळा, रस्त्यावर आपटून त्याचा चुरा झाला. शेवटपर्यंत त्याने आपली बाजू सोडली नव्हती. त्याची काच मी डांबरावर पसरलेली बघितली. चूक माझी होती आणि गेला तो.

तिच्या पायात लोखंडी पट्टी घातली. पाच महिने ती अंथरुणावर होती. घरी सगळ्यांनी टँकरवाल्याचा उद्धार केला. त्याची आई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, त्या मेल्याने माझ्या सुनेला उडवलं. तो खाली मान घालून ऐकायचा. खरं काय झालं ते फक्त तिघांना ठाऊक होतं. त्याला, तिला आणि मला. ती वर पडल्या पडल्या विनोद करायची म्हणे, की जन्मभर जोड्या लावल्या आणि आता मला एकच मोजा पुरतोय. सगळे हसायचे. तो जिना उतरून खाली यायचा आणि गाडीपाशी नुसता उभा राहायचा.

गॅरेजमध्ये डाव्याच्या जागी नवा आरसा बसवला. तो बरा आहे, पण बोलत नाही. मेकॅनिक म्हणाला, उजवाही बदलून टाकू, तडा गेलाय. आमचा माणूस म्हणाला, राहू दे, फक्त घट्ट करा, हाताने वळता कामा नये. मग त्याने स्वतः मला बाहेर वळवलं, मेकॅनिकने पान्याने नट आवळला, आणि तिच्या जागी पान्यांची पिशवी बांधली गेली.

तेव्हापासून मी रस्ता बघतोय. आणि बापरे, केवढं काय काय असतं मागे! फोन खांद्यात दाबून मान वाकडी करून चालवणारे असतात. दोन बसच्या फटीत पुढचं चाक घालणारे असतात. गाडीत बसून, मागे न बघता, धाडकन दार उघडणारे असतात. टँकर तर रोज येतात, आणि त्यांच्या उंच खिडकीतून शेजारची मोटरसायकल दिसतसुद्धा नाही. चार वर्षं हे सगळं आमच्या पाठीशी होतं आणि आम्ही सासूबाईंच्या गालांवर हसत होतो.

पण खोटं कशाला बोलू? मला तिची आठवण यायची. फार यायची. सिग्नलला गाडी थांबली की वाटायचं, आता त्याचा हात पुढे येईल. हळूहळू मला तिचा चेहरा नीट आठवेना. तीळ उजव्या गालावर होता की डाव्या? माझ्यात सगळं उलटंच दिसतं, त्यामुळे मला ते कधी धड माहीतच नव्हतं. कुणाला विचारणार? डावाही राहिला नव्हता.

ती चालायला लागली, जराशी लंगडत. कारखान्यात जायला लागली, पण बसने. तो तिला स्टॉपपर्यंत पायी सोडायचा आणि परत येऊन गाडी काढायचा. घरात दोघं काय बोलायचे ठाऊक नाही, पण जिन्यात ‘अहो’सुद्धा क्वचितच ऐकू येऊ लागलं. रस्त्यावरचं बोलणं गेलं, तसं सगळंच गेलं की काय, अशी मला धास्ती होती. दोन माणसं एकाच घरात राहून एकमेकांना हरवत चालली होती, आणि मी पार्किंगमध्ये उभा राहून ते बघत होतो.

एका सकाळी ती खाली आली ती हेल्मेट घेऊनच. ओरखड्याचं तेच.

तो म्हणाला, बसने जा, बस सुरक्षित आहे. ती हलली नाही. तो पिशवीचे बंद उगाच आवळत राहिला. मग माझ्याकडे बघत, म्हणजे तिच्याकडे न बघता, म्हणाला, “तू घाबरली होतीस, आणि मी हसलो.”

हे तो पहिल्यांदाच बोलत होता.

“मी रोज खोटं घाबरायचे,” ती म्हणाली. “त्या दिवशी खरं घाबरले. तुला कसं कळणार होतं?”

“मला कळायला हवं होतं.”

“तुला मागचा टँकर कळायला हवा होता. माझं तोंड नव्हे.” तिने हेल्मेट काखेत धरलं. “अरे, मला तुझ्याशी बोलायचंय. आठ महिने झाले. पण आता बोलायचं असेल तर गाडी थांबवायची.”

तो रडला. अगदी उघड्यावर, पार्किंगमध्ये. तिने माझ्याकडे हात केला.

मला वाटलं, आता वळवणार. त्या हाताकडे बघताना माझं काय झालं ते सांगता येणार नाही. नट आवळलेला होता तरी मी वळलो असतो, तुटलो असतो पण वळलो असतो. तिने बाहीने माझ्यावरची धूळ पुसली. दोनदा. पुसताना ती वाकली तेवढा वेळ ती माझ्यात होती. थकलेली, डोळ्यांखाली काळं, दात तसाच जरासा पुढे. मग ती बाजूला झाली, पिशवी सोडून मांडीवर घेतली आणि मागे बसली.

आता तो तिला रोज नेतो. वाटेत एका बंद गोदामाची भिंत लागते. तिथे गाडी कडेला लावतो, इंजिन बंद करतो, दोघं हेल्मेटं काढतात आणि भिंतीशी उभं राहून पंधरा मिनिटं बोलतात. त्यासाठी घरून लवकर निघतात. मला ती दोघं दिसत नाहीत, माझं तोंड रस्त्याकडे. हसू तेवढं ऐकू येतं. ती तोंडं वेडीवाकडी करत असणार, आणि त्यातलं एकही मला बघायला मिळत नाही. गाडी चालू असताना माझ्या आतल्या कडेला तिचं कोपर दिसतं. तेवढ्यावर मी भागवतो.

तुम्हीही कुणाला तरी मागे बसवून रोज निघत असाल. तुमच्या गाडीवरचा माझा भाऊ आत वळलेला असेल, तर उद्या सकाळी आधी त्याला बाहेर वळवा. तो कुरकुरेल, रुसेल, लक्ष देऊ नका. त्याला जो चेहरा हवाय तो तुम्हालाही हवाय. तो चेहरा आधी घरी पोचू दे, मग हवा तेवढा वेळ बघा.

चला, सिग्नल सुटला. मागून बस येतेय, उजवीकडूनच, आणि तो माझ्यात बघतोय.