दार बंद होतं म्हणे

सत्तावीस दिवस माझा डावा पाय हरवला होता आणि तो कुणी हरवला हे सांगायला एकही माणूस तयार नव्हता.

घाबरू नका, खरा पाय जागेवर आहे. हरवला तो लाकडाचा. माझा डावा पाय जन्मापासून उजव्यापेक्षा दीड इंच आखूड, त्यात बोटं आत वळलेली. दुकानातला बूट मला कधी झालाच नाही. नोकरी लागेपर्यंत मोठ्या बुटात कापूस कोंबून दिवस काढले. मग बूटवाल्या काकांनी माझ्या पायाचं कलबूत केलं, म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी साचा, ज्यावर चामडं ताणून बूट शिवतात. पहिल्या जोडीत टाचेला फोड आला, दुसऱ्या जोडीत अंगठा सोलला. काका दर वेळी कुठे लाकूड तासायचे, कुठे चामड्याचा तुकडा ठोकायचे आणि म्हणायचे, "तुझ्या पायापेक्षा तुझी कुरकुर मोठी." दोन वर्षांनी ते असं जमलं की मी जिने धावत चढायला लागले. चढावेच लागतात. मी पाण्याची मीटरं वाचते. रोज शंभरेक दारं, आणि एकही चुकवत नाही.

काका गेले. त्यांच्या जावयाने दुकान आवरलं आणि सगळी हत्यारंपात्यारं इंटरनेटवर लिलावाला काढली. एका संध्याकाळी दादाने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. फोटोत माझा पाय होता. खाली लिहिलं होतं, 'जुने लाकडी पाऊल, शोभेसाठी उत्तम.' कडेला काकांच्या पेन्सिलीतलं 'मीटरबाई, डावा' स्वच्छ दिसत होतं.

"लोक स्वतःच्या पायावर उभे राहतात," दादा म्हणाला, "तू आधी तो लिलावात जिंक."

जिंकला. कुणा हौशी माणसाला तो दिवाणखान्यात ठेवायचा होता, तो शेवटच्या मिनिटापर्यंत बोली वाढवत होता. दादाने बोटं आपटून आपटून त्याला घाम फोडला. मी त्याच रात्री पैसे भरून टाकले आणि बाजारातल्या नव्या बूटवाल्याला सांगून आले. तो म्हणाला, "कलबूत आणा, आठवड्यात बूट न्या. ते नसेल तर मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि फोड तुम्हाला येतील."

माझा जुना बूट तोवर शेवटच्या घटका मोजत होता. तळाला तीन ठिगळं, टाचेची शिवण उसवलेली, आत पुठ्ठा. आमच्या साहेबांच्या नजरेतून माझं लंगडणं सुटलं नाही. "चालवत नसेल तर सांगा," ते म्हणाले, "फायलींच्या खोलीत बसवतो." त्या खोलीला खिडकी नाही. बारा वर्षं मी पायी फिरून इथली गल्ली न् गल्ली माझी केली आहे, आणि एका बुटापायी मला खिडकी नसलेल्या खोलीत बसायचं नव्हतं.

तर मी पार्सलची वाट बघत होते. दादाच्या मोबाइलवर मंगळवारी आलं, 'दार बंद.' बुधवारी, 'दार बंद.' गुरुवारी, 'दार बंद. तीन प्रयत्न अयशस्वी. पार्सल डेपोत परत.'

आता ऐका. त्या तीन दिवसांत आमच्या घराला दारच नव्हतं. ओलीने खालची फळी कुजली म्हणून सोमवारी सुताराने ते बिजागऱ्यांतून काढून नेलं होतं. दाराच्या जागी आम्ही चादर लावली होती, आणि चादरीवर विश्वास नाही म्हणून आई खुर्ची टाकून चौकटीत बसली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. जेवायला उठली तेव्हासुद्धा शेजारच्या वहिनींना खुर्चीत बसवून उठली.

"दार बंद?" आई ओरडली. "अगं, दाराच्या जागी मी होते! मी काय बंद होते?"

मी फोन लावायला सुरुवात केली. लिलाववाल्यांकडची मुलगी अगदी गोड बोलली. ते म्हणे फक्त विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला भेटायला जागा देतात, पुढच्या व्यवहाराशी त्यांचा संबंध नाही. टक्केवारी घेताना मात्र संबंध होता. जावयाला फोन केला. "हे बघा ताई, मी माल कुरियरला दिला, पावती माझ्याकडे आहे. माझं काम संपलं," असं म्हणून त्याने हात झटकले. कुरियरवाला म्हणाला, "मॅडम, आमच्या सिस्टीमला दार बंद दिसतंय."

"तुमच्या सिस्टीमला माझं दार दिसलंच कसं? मलाही दिसत नव्हतं. ते सुताराकडे होतं."

"त्याचा काही पुरावा?"

दार नव्हतं याचा पुरावा! मी तशीच तणतणत सुताराकडे गेले. त्याच्याकडे कागद नव्हता. त्याने प्लायवूडचा वीतभर तुकडा उचलला आणि कानावरची पेन्सिल काढून लिहिलं, 'या बाईंचे दार सोमवार ते शुक्रवार माझ्याकडे होते.' खाली झोकात सही केली. दादाने त्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं, 'कृपया अधिकृत कागदपत्र जोडावे.'

त्यानंतर जे आलं ते वाचून माझं डोकंच फिरलं. तीस दिवसांत दावा न केलेला माल बेवारस समजून विकला जाईल. कुठे? त्याच लिलावात. म्हणजे माझ्याच पायावर मी पुन्हा बोली लावायची, त्या दिवाणखान्यावाल्याशी पुन्हा भांडायचं, आणि जिंकले की पुन्हा यांनीच येऊन माझं दार बंद करायचं!

सत्ताविसाव्या दिवशी मी अर्धी रजा टाकली, प्लायवूडचा तुकडा काखेत मारला आणि लंगडत डेपो गाठला.

पत्र्याची लांबलचक शेड. एका बाजूला वजनकाटा, दुसऱ्या बाजूला जाळीचा पिंजरा आणि त्यावर पाटी, 'बेवारस.' काउंटरवरच्या कारकुनाने बोटाला रबरी टोपी घातली होती. माझं ओळखपत्र त्याने उलटंसुलटं पाहिलं, आत जाऊन एक खोकं आणलं आणि मान हलवली.

"यावरचं नाव वाचता येत नाही."

नावावर एकावर एक तीन स्टिकर होते. तिन्हींवर छापलं होतं, 'दार बंद.'

"स्टिकर तुम्हीच लावलेत."

"म्हणून तर वाचता येत नाही."

"मग उघडा."

खोकं आधीच कापलेलं होतं, लिलावासाठी फोटो काढायला. आत माझं कलबूत होतं. घोट्याशी चामड्याचा तुकडा, अंगठ्याशी दुसरा. पेन्सिलीची अक्षरं मात्र हाताळून हाताळून पुसट झाली होती. ते पाहून मला रडूच आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

"हे तुमचंच कशावरून?" कारकून म्हणाला.

मी काउंटरला टेकून उभी राहिले. डावा बूट काढला. मोजा काढला. आणि पाय उचलून त्याच्या रजिस्टरावर, कलबुताच्या शेजारी ठेवला. तोच आखूडपणा, तीच आत वळलेली बोटं, अंगठ्याशी तोच उंचवटा. माझ्या मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. एवढ्या लोकांत मी तो पाय कधी उघडा केला नव्हता.

"जुळवून बघा," मी म्हटलं. "हवं तर सही घ्या, अंगठाही याच पायाचा देते."

त्याने खोकं माझ्याकडे सरकवलं आणि वर एक फॉर्म ठेवला. छापीलच होतं, 'विलंबाचे कारण: ग्राहकाचे दार बंद. मान्य.' खाली माझ्या सहीची जागा.

"हे मी मान्य करणार नाही. ज्याने दार बंद लिहिलं त्याला बोलवा."

"तो कुणी माणूस नसतो हो. सिस्टीम असते."

"मी लिहिलं," मागून आवाज आला.

पोती लावणारा एक माणूस पुढे आला. पन्नाशीचा, पँटवरूनच गुडघ्याला पट्टा बांधलेला. "तिसरा मजला ना तुमचा? तेव्हा वाटपाला मीच होतो, पण वर आलोच नव्हतो, ताई. तिन्ही दिवस खालूनच बटण दाबलं. गुडघा वर चढू देत नव्हता आणि गाडीत एकशेचाळीस पार्सलं होती. नोंदीच्या यंत्रात बटणं चारच. माल दिला, नाकारला, पत्ता चुकीचा, दार बंद. चूक माझी आहे."

"तू कशाला तोंड घालतोस?" कारकून खेकसला. "पगार कापतील."

"त्याचा कापाल," मी म्हटलं, "आणि ती चार बटणं ठेवणाऱ्याचं काय कापणार?"

"ते वरून ठरतं."

"वर म्हणजे कितव्या मजल्यावर? मला सांगा. मी चढते."

कुणीतरी हसलं. कारकुनाने फॉर्म पुन्हा माझ्यापुढे सरकवला. शेवटी त्या माणसाने पेन घेतलं, 'ग्राहकाचे दार बंद' खोडलं आणि वर लिहिलं, 'मी गेलो नाही.' मग मी सही केली. सत्तावीस दिवस मी त्या माणसासाठी शिव्या जमवल्या होत्या. त्यातली एकही बाहेर आली नाही, आणि त्याला कारण आहे.

मी मघाशी म्हटलं की मी एकही दार चुकवत नाही. ते खोटं आहे. माझ्या हातातल्या यंत्रातही तेच बटण आहे. गेल्या महिन्यात टाच सोलून रक्त येत होतं, तेव्हा मागच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यासाठी मी ते जिन्याखालूनच दाबलं. वर शिवणवाल्या मावशी एकट्या राहतात. त्यांना अंदाजाने बिल गेलं, भरल्या घराचं. त्या ऑफिसात आल्या, "मी कुठेच जात नाही हो, घरातच असते," म्हणून काकुळतीला आल्या. मी तिथेच उभी होते. आणि मी म्हटलं होतं, "नोंद आहे मावशी. दार बंद होतं."

त्या माणसाला चार लोकांत जे बोलता आलं, ते मला एका म्हातारीसमोर बोलता आलं नव्हतं.

नवा बूट मिळायला आठवडा होता. तेवढं थांबणं मला झेपेना. डेपोतून मी सरळ त्या इमारतीत गेले, एका काखेत कलबूत, दुसऱ्या काखेत प्लायवूड, आणि फाटक्या बुटाने चार मजले चढले. मावशींचं दार सताड उघडं होतं. आत शिवणयंत्र चालू होतं.

"मावशी, मागच्या महिन्यात दार बंद लिहिलं ते मी. मी वर आलेच नव्हते."

यंत्र थांबलं. त्यांनी चष्मा नाकावर सरकवून माझ्याकडे पाहिलं.

"ऑफिसात मी तेच सांगत होते," त्या म्हणाल्या. "तू समोरच होतीस."

"हो."

"मला तोंडी नको. लिहून दे."

माझ्याकडे कागद नव्हता. मी सुताराचा प्लायवूडचा तुकडा गुडघ्यावर धरला आणि त्याच्या सहीखाली लिहिलं, 'यांचे दार उघडे होते. मी गेले नाही.' सही केली आणि त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो दोनदा वाचला, मग शिवणयंत्राच्या खणात ठेवून खण लावून घेतला.

"मीटर मोरीत आहे," त्या म्हणाल्या. "बूट बाहेर काढ."