तिसरा कागद

राजनंदिनीनं पाण्याच्या पेल्याकडं हात नेला आणि तिची मूठ पेल्याच्या चार बोटं डावीकडं, रिकाम्या जागी मिटली. तिनं पुन्हा नेम धरला. पेला कलंडला, पाणी टेबलावरून फरशीवर ओघळलं.

"दोन दोन दिसायलेत," ती म्हणाली. स्वरात तक्रार नव्हती.

दूध घालायला आलेली कडूबाई चरवी धरून दारातच थबकली. तिच्या घरी पन्नासेक शेरडं होती. नेकनूरच्या या वस्तीवर ती रोज सकाळी यायची. तिनं वाकून राजनंदिनीच्या तोंडाकडं निरखून बघितलं.

"वैनी, ताईचे डोळे हालायलेत बगा. ठरंनातच."

सत्यशीलेनं लेकीकडं पाहिलं. बुबुळं खरंच आडवी थरथरत होती. तिनं फडकं घेतलं आणि आधी पाणी पुसलं.

ऑपरेशनला सात आठवडे झाले होते. राजनंदिनी सत्तावीस वर्षांची, पतसंस्थेत नोकरीला, ऑपरेशनआधी वजन एकशे आठ किलो. पाच स्थळांनी नकार दिला होता. शेवटच्या वेळी तर मुलाच्या आत्यानं ती बसायच्या आधीच प्लास्टिकची खुर्ची सरकवून लाकडी मागवली होती. त्यानंतर दोन दिवस राजनंदिनी खोलीबाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं संभाजीनगरच्या एका दवाखान्याची माहिती वडिलांपुढं ठेवली. सुंदरराव पंचायत समितीचे माजी सदस्य, गावात शब्द चालणारा माणूस. लेकीच्या लग्नाचं कुणी विचारलं की मात्र त्यांची मान खाली जायची. ते लगेच हो म्हणाले. डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढून टाकला. उरली केळ्याएवढी पिशवी.

घरी सोडताना मोठ्या डॉक्टरांनी खाण्यापिण्याचा एक कागद दिला. पंधरा दिवस निव्वळ पातळ, मग पंधरा दिवस घोटलेलं. दूध चालेल, अंडं इतक्यात नको. जीवनसत्त्वाच्या गोळ्या दुसऱ्या आठवड्यापासून, कुटून. टाके काढायला गेल्यावर तिथल्याच आहाराच्या मॅडमनी दुसरा कागद हातात ठेवला. आठव्या दिवसापासून मऊ खिचडी, उकडलेलं अंडं. दूध नको. गोळ्या पोट स्थिर झाल्यावर, महिन्यानंतर. राजनंदिनीनं फोन लावून विचारलं तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "दोन्ही बरोबरच आहेत. जमेल तो पाळा."

तिला असलं उत्तर चालण्यासारखं नव्हतं. तिनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, पट्टीनं रेघा मारून तिसरा तयार केला आणि भिंतीला चिकटवला. दोन्हीकडं मान्य होतं तेवढंच त्यात उतरलं होतं. डाळीचं वरचं पाणी, भाताची पेज, ताकाची निवळी. पुढं तेही पोटात ठरेना. महिना उलटल्यावर गोळ्या सुरू केल्या, त्याही उलटून पडल्या. मग तिनं कागदावरची ती ओळ खोडली.

मोरीतून येणारा ओकारीचा आवाज सत्यशीला रोज ऐकत होती. पण दर रविवारी लेक काट्यावर चढायची आणि आकडा खाली आलेला असायचा. शंभर. चौऱ्याण्णव. एक्क्याऐंशी. सत्यशीला तो आकडा माहेरी फोन करून सांगायची. उलट्यांचं मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"आमच्या एका शेळीला असंच झालतं," कडूबाई हलक्या आवाजात म्हणाली. "डोळे फिरायले, पाय पडंनात. ढोराच्या डागदरनं ताकदीची सुई दिली. बी-वनची म्हनला. दुसऱ्या दिशी उटून चरायली. ताईला बी…"

ओसरीवरून सुंदररावांचा आवाज आला. "कडूबाई, लेक हाय ती माझी. शेरडू न्हाई."

"तसं न्हवं मालक, म्या आपलं…"

"दूध ठिव अन् जा."

कडूबाईनं चरवी रिकामी केली. जाताना तिनं सत्यशीलेकडं पाहिलं. सत्यशीला पातेल्यावर झाकण ठेवत होती.

सुंदररावांनी गावातल्या डॉक्टरला घरी बोलावलं. अशक्तपणा आहे, असं सांगून त्यानं ग्लुकोजच्या दोन बाटल्या चढवल्या. दुसऱ्या दिवशी राजनंदिनीला भिंत धरूनही चालता येईना. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "आई, माझं ऑपरेशन कधीय?"

तेव्हा गाडी निघाली.

संभाजीनगरला डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांपुढं बोट फिरवलं आणि वळून नर्सला इंजेक्शन आणायला पाठवलं.

"कशाचं हो?" सत्यशीलेनं विचारलं.

"थायमिन. म्हणजे बी-वन."

सुंदरराव शर्टाच्या बाहीचं बटण लावू लागले. ते लावलेलंच होतं.

"दोन दोन केव्हापासून दिसत होतं?"

"परवापासून."

"परवाच आणायचं होतं," डॉक्टर म्हणाले. "अंगातलं बी-वन संपलं की मेंदूला इजा होते, नुसत्या ग्लुकोजनं ती वाढते." सत्यशीलेनं पिशवीतून तिन्ही कागद काढून दिले. डॉक्टरांनी आधी छापील वाचले, मग हातानं लिहिलेला. गोळ्यांच्या खोडलेल्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "छापलेल्या दोन्हींत तसं चुकीचं काही नाही," असं म्हणून त्यांनी तिन्हींची एकत्र घडी घातली.

बारा दिवसांनी ते घरी परतले. डोळे स्थिर झाले होते. राजनंदिनी काठी घेऊन हळूहळू चालायची. लहानपणचं सगळं तिच्या लक्षात होतं, शाळेतल्या बाईंची नावंसुद्धा. पण नवं काही आत थांबत नव्हतं. पेज पिऊन पेला खाली ठेवायची आणि घटकाभरानं विचारायची, "आई, मी जेवले का?"

सिरसाळ्याच्या पाहुण्यांना सुंदररावांनी ऑपरेशनच्या आधीच मुलगी दाखवायचा शब्द दिला होता.

"येऊ द्या त्यांना," ते म्हणाले. "बोलायला बरी हाय ती. घटकाभराचा तर कार्यक्रम."

पाहुणे आले. मुलगा हरिओम खाली बघून बसला होता. त्याची आई रतनबाई राजनंदिनीकडं कौतुकानं बघत होती. बहात्तर किलोंची राजनंदिनी साडीत छान दिसत होती. ती हसून म्हणाली, "तुम्ही कुठून आलात?"

"सिरसाळ्याहून, बाई."

पोहे झाले. उसाच्या, पावसाच्या गोष्टी निघाल्या. रतनबाईनं पदर सावरला. "आमाला पोरगी पसंत हाय. शांत हाय, लई आवडली."

राजनंदिनी तिच्याकडं वळली. "तुम्ही कुठून आलात?"

"भांबावलं लेकरू," रतनबाई हसली. सुंदररावही हसले, जरा मोठ्यानंच.

सत्यशीला चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं तो खाली ठेवला.

"भांबावली न्हाई," ती म्हणाली. "तिच्या ध्यानात राहत न्हाई. आत्ता सांगितलेलं बी राहत न्हाई."

सुंदररावांनी तिच्याकडं पाहिलं. हरिओमनं पहिल्यांदाच मान वर केली.

"दाखवलं न्हाई का कुटं?" रतनबाईनं विचारलं.

"दाखवलं. उशिरा दाखवलं. मला दिसत हुतं, मी गप बसले."

पाहुण्यांनी चहा घेतला नाही. सुंदरराव त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेले. गाडी गेल्यावरही ते फाटकापाशीच पाठमोरे उभे राहिले. सत्यशीला लेकीशेजारी येऊन बसली. राजनंदिनी भरलेल्या कपांकडं बघत होती.

"कोण आलं होतं गं?"

"सिरसाळ्याचे पाहुणे. तुला बघायला आलते."

राजनंदिनीनं साडीच्या निऱ्यांवरून हात फिरवला. तिच्या चेहऱ्यावर जुनी धास्ती उमटली.

"मग? आवडले का मी त्यांना?"

"आवडलीस," सत्यशीला म्हणाली. "लई आवडलीस."

लेकीचा चेहरा उजळला. सत्यशीलेनं तिचा हात हातात घेतला आणि ती पुन्हा विचारायची वाट बघत बसून राहिली.