केळीच्या खांबावरचा पाहुणचार

आलोशियस बाबा शनिवारी सकाळी पावणेसातला वारले. ही बातमी आमच्या आळीत कुणाला चटकन पटली नाही. मागच्या दोन वर्षांत फादर तीनदा येऊन त्यांना मरणाआधीचं पवित्र तेल लावून गेले होते, आणि तिन्ही वेळा बाबा दुसऱ्या दिवशी उठून पेज मागत बसले होते. तिसऱ्यांदा तर पेजेबरोबर भाजलेला बोंबीलही. त्यामुळे त्यांच्या दुखण्याकडे बघून भुईगावात कुणी काही पुढे ढकलत नसे. आम्हीही ढकललं नव्हतं.

आमच्याकडे त्याच दिवशी अकरा वाजता बर्था आत्याला बघायला येणार होते.

आत्या म्हणजे पप्पांची धाकटी बहीण. वय एकेचाळीस. मी पाच वर्षांचा असताना माझी आई गेली, तेव्हा आत्या दोन महिन्यांसाठी आमचं घर सांभाळायला लागली. त्या दोन महिन्यांना त्या जानेवारीत पंधरा वर्षं होत होती. मधल्या काळात दोन स्थळं आली. दोघांनीही तिच्या हातचं डुकराच्या मटणाचं इंदियाल खाल्लं, बोटं चाटली आणि कळवतो म्हणून गेले. पहिल्याने कळवलंच नाही. दुसऱ्याच्या आईने कळवलं, पण त्यात फक्त इंदियालात व्हिनेगर किती घालता एवढंच विचारलं होतं. आत्याने ते लिहून पाठवलं. सही करून.

तिसरं स्थळ अर्नाळ्याचं. सेबेस्टियन नावाचे गृहस्थ, एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक, बायको चार वर्षांपूर्वी वारलेली. सोबत त्यांची मोठी बहीण रोझलीन येणार होती. पप्पा आठवडाभर एकच वाक्य बोलत होते. "बर्था, एकदा तुझ्या हातचं खाऊ दे त्याला, मग बघ."

आदल्या दिवशी आत्या फुग्यांचं, म्हणजे आमच्याकडच्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ ताडीत भिजवत होती. मी शेजारी बसून नारळ खवत होतो, म्हणजे खात होतो. ती एकदम म्हणाली, "ग्लेन, तो माझ्या हातचं खाऊन हो म्हणाला, तर मला कळणार कसं?"

"काय कळणार?"

"हो कुणाला म्हणाला ते. मला की इंदियालाला."

मी विनोद करायला तोंड उघडलं. एकही सुचला नाही. माझ्या बाबतीत असं फार कमी वेळा होतं. मी तोंडात खोबरं टाकून ते बंद केलं.

तर शनिवारी सकाळी बाबा गेले. आमच्या आळीचा नियम असा, की मयत उठेपर्यंत कुठल्याही घरात चूल पेटत नाही. नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच तो मोडता येत नाही. मुलांना पाव-केळं देतात, मोठी माणसं पाण्यावर बसतात. बाबांची मुलगी पुण्याहून यायची होती. मयत चार वाजता उठणार होती.

पाहुण्यांना कळवायची सोय नव्हती. त्यांच्याकडे फोन नव्हता. शेजाऱ्यांकडे होता, पण शेजारी लग्नाला गेले होते. आणि दारात आलेला माणूस कोरड्या तोंडाने परत पाठवायचा नाही, हाही आळीचाच नियम. दोन्ही नियम एकमेकांना कधी भेटले नव्हते. त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात भेटले.

पप्पांनी वकिली सुरू केली. "गॅस म्हणजे काय चूल नव्हे. आलोशियस बाबांच्या तरुणपणी गॅस होता का?"

आत्या पांढरी साडी पिनअप करत होती. "जाळ दिसतो ना, दादा?"

"मग शेगडी? विजेची? तिला जाळ नसतो."

"लाल होते ना?"

"मिक्सर?"

मिक्सरने सगळ्यांनाच विचारात पाडलं. त्यात जाळ नाही, लालीही नाही. पण भिंतीपलीकडे बाबांची बायको, सालोमी मावशी, त्यांच्या उशाशी बसली होती, आणि आमचा मिक्सर सुरू झाला की तिच्या घरातली भांडी वाजत. पप्पांनी मिक्सर मागे घेतला.

"मी मावशीकडे जाते," आत्या म्हणाली. "रात्रभर एकटीच होती ती. पाहुणे आले की हाक मार."

"अगं, पण तुला बघायला येतायत!"

"मग शेजारीच तर आहे. बघू देत."

ती गेली. दारामागे हँगरला इस्त्री केलेली आकाशी रेशमी साडी तशीच राहिली. फ्रीजमध्ये मसाला लावलेलं मटण तसंच राहिलं. पातेल्यातलं पीठ मात्र तसं राहायला तयार नव्हतं. त्याला आळीचा नियम कुणी सांगितला नव्हता. ते फुगत होतं.

बांद्र्याच्या एका हॉलमध्ये मी दोन लग्नांत वाढपी म्हणून काम केलं होतं. तिथे सूपच्या आधी एक प्रकार फिरवायचे. काडीला चीझचा तुकडा, अननसाचा तुकडा, वर चेरी, आणि अशा शंभर काड्या चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या कोबीत खोचलेल्या. लोक कोबीला घाबरून हळूच एकेक काडी उपसायचे. त्यात विस्तव कुठेच नव्हता.

मी पप्पांना सांगितलं. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मी विनोद करत नाही हे त्यांना पटायला नेहमीच वेळ लागतो.

अननस नव्हता, चेरी नव्हती, कोबी नव्हता. काकडी होती, टोमॅटो होते, परसात पुदिना होता. कुवेतच्या काकांनी नाताळाला आणलेला चीझचा डबा होता. आणि सुकेळी होती. सोललेली राजेळी केळी उन्हात वाळवून, केळीच्या सोपटात बांधून ठेवलेली, मधासारखी चिकट.

"सुकेळी उन्हात केलेली," पप्पा म्हणाले. त्यांच्यातला वकील आता उलट्या बाजूने लढत होता. "ऊन म्हणजे जाळच ना?"

पलीकडे जाऊन आत्याला विचारून आलो. ती म्हणाली, "दादाला सांग, सूर्य आपल्या आळीतला नाही."

टूथपिक भुईगावात मिळत नव्हते. मी खराट्याचे हीर काढले. खराटा नवा होता, हे इथेच स्पष्ट करतो. प्रत्येक हीर वीतभर कापला, तासला, धुतला. खाली काकडीची जाड चकती, तिच्यावर चीझ, मग टोमॅटो, मग सुकेळीचा तुकडा, टोकाला पुदिन्याचं पान. काकडीला मीठ आधी लावलं तर ती रडायला लागते आणि सगळी काडी भिजते, म्हणून मीठ, मिरी आणि लिंबू अगदी शेवटी, देताना. हे मला हॉलमधल्या आचाऱ्याने सांगितलं होतं. हे एकच त्याने न ओरडता सांगितलं होतं.

आता खोचायचं कशात? पप्पा म्हणाले, "केळीचा खांब. मऊ असतो, काडी सरळ बसते." मग कोयता घेऊन वाडीत गेले. घड काढलेल्या केळीचा तुकडा आणायचा होता. किती लांब, ते मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. ते परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर तीन फुटांचा खांब होता.

"एवढा?"

"कमी पडायला नको," पप्पा म्हणाले. पाहुणे दोनच होते.

खांब टेबलावर आडवा ठेवला. साठ काड्या खोचल्या. काड्या संपल्या तरी खांब उरला होता, म्हणून आणखी तीस केल्या. शेवटी जे तयार झालं ते हिरव्या टोपीच्या माणसांनी भरलेल्या होडीसारखं दिसत होतं. मला स्वतःला ते आवडलं. पातेल्यावरचं झाकण तोपर्यंत बोटभर वर आलं होतं.

पाहुणे अकराला दहा कमी असताना आले. रोझलीन बाई घामाघूम, सेबेस्टियन बारीक, टापटीप, शर्टाच्या खिशात दोन पेनं. पप्पांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि परिस्थिती सांगितली. रोझलीन बाईंनी क्रूसाची खूण केली.

"शेजारीच? आजच?"

"सकाळी पावणेसातला," पप्पा म्हणाले, जणू वेळ सांगितल्याने काही सुधारेल.

"मंग आज नको, सेबेस्टियन. दिवस बरा नाय. पुन्हा कधी येऊ." त्या उठल्याच. पुन्हा कधी म्हणजे काय, ते आमच्या घराला पाठ होतं.

तेवढ्यात मागच्या दाराने आत्या आली. साधी पांढरी साडी, डोळे सुजलेले, बाहीला मेणबत्तीचं मेण. तिने पाहुण्यांना हात जोडले. "माफ करा. मला परत जायचंय. मावशीने कालपासून तोंडात काही घेतलं नाही." आणि मग तिला टेबलावरचा खांब दिसला.

ती बघत राहिली. तिच्या हनुवटीला एक बारीक थरथर आली. ते रडू होतं की हसू, ते मला पंधरा वर्षांच्या अनुभवाने ओळखता आलं नाही.

"ग्लेन, हे काय आहे?"

"पाहुणचार."

"जाळ?"

"नाही."

"हे मी तिकडे नेते."

"अगं, पाहुण्यांचं आहे ते!" पप्पा म्हणाले.

"पाहुण्यांना चार काड्या काढून ठेव, दादा. तिकडे चाळीस माणसं उपाशी बसलीत." तिने खांबाचं एक टोक उचललं. दुसरं टोक हललंसुद्धा नाही. केळीच्या खांबात जवळजवळ सगळं पाणीच असतं. मी पुढे होणार, एवढ्यात दुसरं टोक वर आलं. सेबेस्टियन होते. खिशातली पेनं त्यांनी आधी काढून टेबलावर ठेवली होती.

"सेबेस्टियन!" रोझलीन बाई म्हणाल्या.

"आलोच," ते म्हणाले.

दोघं निघाले. आत्या पुढे, ते मागे. मी मीठ-मिरीची डबी आणि लिंबं घेऊन त्यांच्यामागे. आमच्या दारापासून बाबांच्या दारापर्यंत तीस पावलं. लोक बाकांवरून उठले, कारण आळीत दोन माणसं काही आडवं धरून पावलाला पाऊल लावून येताना दिसली की उठायची सवय असते. मग काय आहे ते दिसल्यावर बसावं की उभं राहावं, हे कुणाला ठरवता येईना.

बघण्याच्या कार्यक्रमात मुलगा आणि मुलगी एकमेकांशी काय बोलतात, याबद्दल मला नेहमी कुतूहल होतं. इथे मी दोन हातांवर होतो. सगळं ऐकलं.

"डावीकडे गटार आहे," आत्या म्हणाली.

"दिसलं," ते म्हणाले.

एवढंच.

बाबांच्या ओटीवर जागा नव्हती. आत शवपेटीच्या पायथ्याशी एक बाक रिकामं होतं. खांब तिथे ठेवला. जपमाळ चालू होती, ती थांबली. बाबा सूट घालून झोपले होते. त्यांच्या पायाशी नव्वद हिरव्या टोप्या उभ्या होत्या. मला वाटलं, संपलं. आता ही गोष्ट आळीत माझ्या मुलांपर्यंत पोचणार.

सालोमी मावशीने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "ह्याला जाळ लागला का रे?"

"नाही, मावशी."

"हे काळं काय?"

"सुकेळी."

"कोनाची?"

"तुमचीच. मागच्या मे महिन्यात तुम्हीच दिलेली. बाबांनी वाळवलेली."

हे मी ठरवून केलं नव्हतं. फडताळात जी पुडी सापडली ती घेतली होती. बोलताना माझ्याही तेव्हाच लक्षात आलं.

मावशीने हात पुढे केला. मी काडी काढली, मीठ भुरभुरलं, लिंबू पिळलं. तिने आधी टोकाचा पुदिना बाजूला केला, सुकेळी दातांनी ओढून घेतली आणि हळूहळू चावत राहिली. चावताना बाबांकडे बघत होती. मग म्हणाली, "थोडं पानी द्या." मग काकडीही खाल्ली.

त्यानंतर सगळ्यांनी घेतलं. मी मीठ लावत होतो. सेबेस्टियन रिकाम्या काड्या गोळा करत होते आणि जिथून निघाल्या त्याच भोकांत परत खोचत होते. प्रयोगशाळेची सवय असणार. आत्या मावशीला टेकून बसली होती आणि त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं की ती बाबांकडे बघायची.

पाहुणे साडेदहाच्या बसने आले होते ते बाराच्या बसने जाणार होते. ते मयतीला थांबले. रोझलीन बाई चिडून थांबल्या, पण दफनाच्या वेळी सगळ्यांत मोठ्याने त्याच रडल्या. बाबांना त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

साडेपाचला परत आलो. आळीतल्या घराघरांतून धूर निघायला लागला. दारात रोझलीन बाई म्हणाल्या, "आता तरी बर्थाच्या हातचं खाऊ. अख्ख्या वसईत नाव आहे म्हनतात. मंग काय ते ठरवू."

"माझं ठरलंय," सेबेस्टियन म्हणाले. पप्पांकडे वळून म्हणाले, "माझ्याकडून हो आहे. जेवण मागाहून."

पप्पांना आनंदापेक्षा धक्काच जास्त बसला. इंदियालाशिवाय असं काही होऊ शकतं, हे त्यांनी गृहीत धरलंच नव्हतं. मी आत्याकडे पाहिलं. ती आत गेली, गॅस पेटवला, कढई ठेवली. पिठाने झाकण ढकलून ओट्यावर बाहेर पाऊल टाकलं होतं. तिने ते बोटाला लावून चाटलं आणि थांबली. दिवसभर आंबलेलं. मग हात ओला करून पहिला फुगा तेलात सोडला.

मी दारात उभा होतो. "हो म्हणणार का?" मी विचारलं.

"खाऊ दे आधी त्याला," ती म्हणाली.

मटण शिजायला वेळ होता, म्हणून नुसतेच फुगे ताटात गेले. रोझलीन बाईंनी एक खाल्ला आणि छान झालेत म्हणाल्या. पप्पांनी दोन खाल्ले आणि छान झालेत म्हणाले. मीही तेच म्हणालो. पंधरा वर्षांत आम्ही दुसरं काही म्हटलंच नव्हतं. तिच्या जेवणाला नाव ठेवणं म्हणजे ती निघून जाण्याची वाट उघडणं, असं आम्हाला वाटत असावं. पप्पांना आणि मला. आम्ही यावर कधी बोललो नाही.

सेबेस्टियननी चार खाल्ले. शांतपणे, एकेक करून. मग ताट खाली ठेवलं.

"आंबट झालेत," ते म्हणाले.

रोझलीन बाईंनी डोळे मिटले.

"झालेच आहेत," आत्या म्हणाली, आणि त्यांच्या ताटात आणखी दोन वाढले.