बिनपाचरीची कुऱ्हाड

झटक्यानंतर माझ्या तोंडात एकच शब्द उरला आहे, आणि तोही मी स्वतः निवडलेला नाही. 'बरं'. पाणी हवं असलं तरी बरं, नको असलं तरी बरं. डोक्यात सगळं जागच्या जागी आहे. माझ्या मुलाला, विश्वजीतला, 'गाढवा' म्हणायचं असतं तेव्हा 'गाढवा' अगदी स्वच्छ तयार होतं, जिभेपर्यंत येतं आणि तिथे त्याचं 'बरं' होतं. मानेने नाही म्हणावं तर मानही वर-खालीच होते. उजवं अंग गेलंय, म्हणून डाव्या हाताने लिहायला गेलो तर कोंबडीने उकरल्यासारखं दिसतं. बोलायला शिकवायला एक मुलगी येते. ती गाईचं चित्र समोर धरून विचारते, "आण्णा, हे काय आहे?" जन्मभर गोठा सांभाळलेला माणूस मी. मी म्हणतो, "बरं." ती टाळ्या वाजवते.

मांजरी गावात आमचा ऊस होता तेव्हा मी बांधावरून हाक मारली की पार कॅनॉलपलीकडचा गडी मान वर करायचा. आता त्या जमिनीवर इमारती आहेत, त्यातल्याच एकीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो, आणि सकाळ झाली की मला गॅलरीत आणून ठेवतात. कुंड्या असतात, मी असतो. कुंड्यांना पाणी घालतात, मला चहा.

यातली खरी गंमत अशी की मी कधी कोणाच्या कामाला बरं म्हणणारा नव्हतो. विश्वजीत बोर्डात आला तेव्हा मी म्हणालो होतो, "गणितात कमी कसे पडले?" तो हडपसरला आयटी पार्कात लागला तेव्हा म्हणालो, "बसून पाठ दुखंल." माझा स्वभाव तसा आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण आता त्या पोराला माझ्याकडून दिवसभर बरं ऐकायला मिळतं, आणि ते ऐकलं की चाळिशी ओलांडलेला हा बाप्या शाळेतल्या पोरासारखा फुलतो. तिथेच सगळा घोटाळा झाला.

नवरात्राच्या साफसफाईत माझ्या बायकोला, शकूला, माळ्यावरच्या गोणीत माझी कुऱ्हाड सापडली. जुन्या घरातून सामान आलं तेव्हापासून ती तिथेच होती. दांडा कुजून गेलेला, पात्यावर गंजाचे पापुद्रे. सून शेफाली म्हणाली, "भंगारात देऊया." विश्वजीत म्हणाला, "थांब. मी ही आण्णांसाठी नव्यासारखी करतो. खंडेनवमीला पूजेत ठेवू. आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर खालची फांदी हिनंच तोडायची."

फांदी म्हणजे सोसायटीतल्या गुलमोहराची. पावसाळ्यात मोडून पार्किंगशेजारी पडली होती. ती कोणी हलवायची यावर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून विचारविनिमय चालू होता.

"मी व्हिडिओ काढणार," माझी नात अवनी म्हणाली. "बाबा, तू कुऱ्हाड मारशील ना, तेव्हा मी समोरून घेणार. एकदम क्लोज."

खोटं कशाला सांगू, गंज त्याने चांगला काढला. माझ्यासमोरच गॅलरीत बसला. बादलीत व्हिनेगर ओतून पातं भिजत ठेवलं, मग तारेच्या ब्रशने घासलं, मग पॉलिश पेपरने. मोबाईलवर कोणीतरी गोरा माणूस तेच करत होता, आणि हा त्याचं पाहून. लोखंड उघडं पडलं तेव्हा लोहाराने खुणेसाठी मारलेल्या तीन टिकल्याही दिसायला लागल्या. मला आतून भरून आलं. मी म्हणालो, "बरं." त्या दिवशीचं ते बरं खरं होतं.

मग त्याने ग्रायंडर आणला.

लोहार पोलाद तापवून पाण्यात विझवतो, तेव्हा ते कडक होतं. त्याला पाणी देणं म्हणतात. धार लावताना पातं घडीघडीला गार करावं लागतं, नाहीतर पोलाद तापून निळं पडतं आणि दिलेलं पाणी उतरून जातं. मग ती कुऱ्हाड कोणत्याही लाकडापुढे मऊच. माझा मुलगा ग्रायंडर लावून ठिणग्या उडवत होता आणि धारेवर निळी पट्टी चढत होती. मी ओरडलो. जेवढा जोर होता तेवढा लावून ओरडलो. "बरं! बरं! बरं!"

त्याने ग्रायंडर बंद केला, गॉगल कपाळावर सरकवला आणि हसला. "आण्णा, आवडलं ना?"

"बघ की किती खूश झालेत," शकू आतून म्हणाली. "येवढं कवा बोललेत का?"

तो परत ग्रायंडरला लागला. मी डोळे मिटून घेतले. गेलं पाणी तर गेलं, म्हटलं. मऊ धारेने फार तर फांदी तुटणार नाही, घाम येईल आणि नाद सोडेल. एवढ्यावर भागलं असतं तर मी तुम्हाला हे सांगतही बसलो नसतो.

दांडा त्याने दुकानातून तयार आणला. पांढुरका, गुळगुळीत. पात्याला जे भोक असतं, नेढं म्हणतात त्याला, त्यात तो जाईना. मग कानशीने घासत बसला. घासता घासता इतका बारीक केला की दांडा नेढ्यात खुळखुळायला लागला. आता नवा आणेल, असं मला वाटलं. त्याने दोन नळ्यांतला चिकट मसाला कागदावर कालवला, फटीत भरला, वाळल्यावर वरून घासून सपाट केला आणि सगळ्यावर वॉर्निश मारलं. फट होती असं आता कोणी म्हणालं नसतं. कुऱ्हाड देखणी झाली, हे मात्र मान्य करतो.

पाचर त्याने ठोकलीच नाही.

दांडा नेढ्यात बसला की त्याच्या तोंडाला चीर पाडायची आणि त्यात लाकडाची पाचर ठोकायची. दांडा आतून फाकतो आणि पातं गच्च धरतो. पाचर नसेल तर पातं दांड्यावर नुसतं पाहुण्यासारखं टेकलेलं असतं. थोडे घाव बसले, मसाला तडकला, की ते उठून निघतं आणि समोर जे असेल त्यावर जाऊन बसतं. समोर अवनी उभी राहणार होती, मोबाईल घेऊन, एकदम क्लोज.

मी डाव्या हाताने पात्याच्या वरच्या बाजूला बोट दाखवलं.

"फिनिशिंग ना?" विश्वजीत म्हणाला. "तीन कोट दिलेत, आण्णा."

मी अवनीच्या कंपासमधून पेन्सिल उचलली आणि तिचं टोक दांड्याच्या तोंडावर टेकवून दाबलं. पाचर, बाबांनो, इथे, अशी. पेन्सिलीचं टोक मोडलं.

"आण्णांना नाव लिहायचंय," अवनी म्हणाली आणि पळत जाऊन मार्कर घेऊन आली. दांड्यावर तिने सुरेख अक्षरात लिहिलं, 'आण्णा'. सगळ्यांनी मिळून फोटो काढला. त्यात मी मधे आहे आणि माझ्या डोळ्यांत पाणी आहे. नातेवाइकांनी त्याखाली काय काय लिहिलं ते शेफालीने मला वाचून दाखवलं.

खंडेनवमीला शकूने हॉलच्या कोपऱ्यात पाट मांडला. विळी, कोयता, विश्वजीतचा लॅपटॉप, अवनीचा कंपास आणि मधोमध कुऱ्हाड. हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. आमच्यात पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं. त्याला विसावा. मोडलं तर घराला लागतं, असं शकू मानते, आणि मीही आजवर मानत आलो.

दुपारी जेवणं झाली आणि सगळे आडवे झाले. माझी खुर्ची पाटाशेजारीच होती. मी बराच वेळ कुऱ्हाडीकडे बघत बसलो. सांगून कळत नाही, दाखवून कळत नाही, तर डोळ्यांसमोर पातं निखळलेलंच दिसू दे. वाकलो, डाव्या हाताने दांडा धरला, वर ओढला. झेंडू घरंगळले. खुर्चीच्या लोखंडी हातावर पातं आपटलं, परत आपटलं, परत आपटलं. मसाला कटकन तडकला. पातं निघालं आणि खाली पडलं.

माझ्या हातात नुसता दांडा राहिला. तो मी वर धरला. सगळे धावत आले तेव्हा मी तो निशाणासारखा धरून बसलो होतो. आता बघा म्हणत होतो. पण कोणीच दांड्याकडे बघेना. सगळे माझ्या पायांकडे बघत होते. मग मीही बघितलं. पातं फरशीवर नाही, माझ्या उजव्या पावलावर पडलं होतं. त्या पायाला काही कळत नाही, म्हणून मलाही कळलं नव्हतं. रक्त पाटापर्यंत गेलं होतं.

"बरं," मी म्हणालो, दांडा हलवत. "बरं, बरं."

"शॉकमध्ये आहेत," शेफाली म्हणाली. "आधी टॉवेल दे."

शकू भिंतीला टेकून खाली बसली. "पूजेचं हत्यार उचललं ह्यांनी. डोकं बी गेलं आता, विश्वा."

टाके घालून आणल्यावर विश्वजीत माझ्यासमोर स्टुलावर बसला. पातं आणि दांडा दोन्ही त्याच्या मांडीवर होते. बराच वेळ त्याने अंगठ्याने दांड्यावरचं माझं नाव पुसलं जातंय का ते पाहिलं.

"आण्णा, आवडली नव्हती का तुम्हाला?" तो म्हणाला. "तोडून टाकलीत."

पोरा, गंज छान काढलास. एवढा वेळ तू माझ्याजवळ कधी बसला नव्हतास. फक्त एक पाचर ठोक. हे सगळं, अगदी ह्याच क्रमाने, माझ्या डोक्यात होतं.

"बरं," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली आणि उठून आत गेला. असहाय म्हणजे काय ते मला झटक्याच्या दिवशीसुद्धा कळलं नव्हतं, ते तेव्हा कळलं.

रक्त लागलेलं हत्यार घरात नको, असं शकूने हटून सांगितलं. विश्वजीत टाकून द्यायला तयार होईना. शेवटी ठरलं की ती शंभूला द्यायची. शंभू आमच्या सोसायटीचा वॉचमन, जालन्याकडचा, बायकोसोबत गेटजवळच्या खोलीत राहतो. फांदी तोच तोडेल आणि लाकूड त्याच्या चुलीला होईल. सगळ्यांची सोय झाली. द्यायची तर मोडकी कशी द्यायची, म्हणून विश्वजीतने परत मसाला कालवला, या वेळी दुप्पट, रात्रभर वाळू दिला आणि पहाटे वरून वॉर्निश मारलं. मला हलवून दाखवली. "बघा आण्णा, जराही हलत नाही. शंभूला देऊ ना?"

माझं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

दसऱ्याच्या सकाळी शंभूने वर येऊन आपट्याची पानं दिली, मला वाकून नमस्कार केला आणि कुऱ्हाड घेऊन खाली गेला. विश्वजीतही त्याच्याबरोबर उतरला. अवनी माझ्या खुर्चीला टेकून उभी राहिली, मोबाईल कठड्यावर ठेवून. ती वर होती. ती सुखरूप होती. मला बरं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही, हे लपवत नाही.

खाली शंभूच्या बायकोने लुगड्याचा ओचा खोचला, फांदीच्या पुढच्या टोकाला बसली आणि फांदी हलू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरली. तोंड शंभूकडे. अवनी उभी राहणार होती ती जागा हीच.

शंभूने कुऱ्हाड उचलली, तोलली, आणि थांबला. पातं डोळ्यांजवळ नेऊन दांड्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला.

"साहेब, हिला पाचर न्हाई का?"

अख्ख्या इमारतीत एका माणसाने विचारलं होतं.

"ग्लू आहे शंभू, एकदम स्ट्राँग," विश्वजीत म्हणाला. "आता असंच करतात."

शंभूचं समाधान झालं नाही. त्याने वर पाहिलं, गॅलरीत, माझ्याकडे. साहेबाला काय कळतंय, म्हाताऱ्याला विचारावं, एवढं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. तो मला ओळखून होता. मी जन्मभर हत्यार धरलेला माणूस आहे हे त्याला माहीत होतं.

"आण्णा," त्याने हाक मारली, "बिनपाचरीची चालंल न्हवं?"

मी डाव्या हाताने कठडा धरला. छाती भरून घेतली. नाही. एवढाच शब्द. मी तो डोक्यात धरला, दोन्ही अक्षरं पकडून धरली, घशातून वर आणला, जिभेवर ठेवला. झटक्यानंतर पहिल्यांदाच माझा जुना आवाज लागला, बांधावरचा, कॅनॉलपलीकडे जाणारा. पार्किंगमधल्या लोकांनी माना वर केल्या.

"बरं!"

"आण्णा किती मोठ्याने बोलले," अवनी आनंदाने म्हणाली.

खाली विश्वजीत माझ्याकडे बघून हसला, कालपासून पहिल्यांदा. शंभूने कुऱ्हाड कपाळाला लावली, बायकोला म्हणाला, "दाब नीट," आणि हात वर नेले.